सी ड्राइव्हमधली पत्रं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या देणं थांबवलं, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीतून जुने कॉम्प्युटर एकेक करून बाहेर पडायला लागलेत. (नोंदणी केली तर वर्षभराची मुदतवाढ मिळते म्हणे, पण मुदतवाढीचे फॉर्म भरण्याचा उत्साह कुणाला आहे!) "आमचं मशीन अकरा घेत नाही हो," असं म्हणत लोक डबा जिन्याखाली आणून ठेवतात. एक काढायला घेतला की माळ्यावरचा त्याआधीचाही निघतो, एक्सपीच्या काळातला, पिवळा पडलेला, फ्लॉपीच्या फटीत कोळ्याचं जाळं असलेला. भंगारवाला वजनावर घेऊन जातो.

मला एक भोचक सवय आहे. डबा दिसला की मी विचारतो, "आतलं काढून घेतलंत का?"

"हो हो, फोटो सगळे घेतले पेन ड्राइव्हवर."

"आणि मेल?"

"मेल काय, ती जीमेलवर असतेच की!"

हे संभाषण इतक्या वेळा झालंय की आता मला पुढचं वाक्य आधीच ऐकू येतं. फोटो काढून घ्यायचे असतात हे आपल्या सगळ्यांना कळलंय. मेल काढून घ्यायची असते हे अजून कळलेलं नाही. आणि माझं मत विचाराल (कुणी विचारत नाही, म्हणून तर इथे लिहितो), तर त्या माळ्यावरच्या डब्यात फोटोंपेक्षा मेल जास्त मोलाची आहे. फोटोची प्रत मामाकडे, आत्याकडे, कुणाकडे तरी सापडते. मेलची सापडेलच असं नाही. का, ते सांगतो.

जीमेल आलं १ एप्रिल २००४ ला. एक जीबी जागा फुकट देणार म्हटल्यावर अनेकांना तो एप्रिल फूलच वाटला होता, कारण तेव्हा हॉटमेल देत होतं दोन एमबी आणि याहू चार. दोन एमबी! बारशाचे चार फोटो कुणी पाठवले की डबा भरला, आणि मग पुढची पत्रं पाठवणाऱ्याकडे परत. म्हणून लोक वाचायचे आणि पुसायचे. ज्यांना पुसायचं जिवावर यायचं ते घरच्या कॉम्प्युटरवर आउटलुक एक्स्प्रेस लावून मेल खाली उतरवून घ्यायचे.

ते करण्याचं दुसरं कारण होतं फोनचं बिल. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं इंटरनेट म्हणजे मोडेमचा तो किंचाळणारा आवाज, तेवढा वेळ फोन एंगेज, आणि घड्याळाकडे लागलेले डोळे. जोडणी करून निवांत मेल वाचत बसणं ही चैन होती. शहाणी माणसं काय करायची? जोडायचं, 'सेंड अँड रिसीव्ह'चं बटण दाबायचं, आलेली पत्रं उतरली की लगेच तोडायचं. मग चहा घेत वाचायचं. उत्तर सावकाश लिहून आउटबॉक्समध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडलं की ते जायचं.

ही उतरवून घेण्याची जी पद्धत होती, तिचं नाव पॉप. ती अगदी आपल्या पोस्टमनसारखी वागते. पत्र तुमच्या हातात दिलं की तिचं काम संपलं. पोस्ट ऑफिसात त्याची नक्कल राहत नाही. 'सर्व्हरवर एक प्रत ठेवा' अशी एक चौकट सेटिंगमध्ये होती खरी, पण ती आपणहून टिचकी मारलेली नसे. शिवाय तिथे ठेवायला जागा तरी कुठे होती?

म्हणजे गंमत बघा. ज्या पत्रांना लोकांनी जपण्यालायक मानलं, मुद्दाम घरी आणून ठेवलं, तीच आज कुठल्याही सर्व्हरवर नाहीत. ती आहेत फक्त त्या माळ्यावरच्या डब्यातल्या हार्ड डिस्कवर.

आणि कोणती वर्षं ही? साधारण १९९६ ते २००६. वायटूकेच्या नावाने घराघरातली मुलं अमेरिकेला गेली ती याच काळात. पुण्या-नाशकात, सांगलीत, डोंबिवलीत मागे राहिलेल्या आईवडिलांनी साठीत कॉम्प्युटर शिकला तोही याच काळात. परदेशी फोन महाग, विमानाच्या पत्राला आठ-दहा दिवस, आणि मेल मात्र लगेच. म्हणून माणसं लिहायची. लांबलचक लिहायची. पाऊस किती झाला, शेजारी कोण वारलं, कुकरची शिट्टी बदलली, तुझ्या मित्राची आई भेटली होती, थंडीचं जपून राहा. त्याच्या आधीच्या पिढीची पत्रं ट्रंकेत सापडतात, अंतर्देशीय, पोस्टकार्ड, कडेला उभं लिहिलेलं. त्यानंतर फोन स्वस्त झाले, स्काइप आलं, व्हॉट्सॅप आलं, आणि "जेवलास का?"ला अंगठा आला. मराठी मध्यमवर्गाने कागदाशिवाय पण मनापासून पत्रं लिहिली अशी मधली दहा-बारा वर्षंच आहेत. तेवढीच.

आमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट सांगतो. काका बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा १९९९ ला न्यूजर्सीला गेला. काकांनी कॉम्प्युटर घेतला तो केवळ पत्रासाठी. एका बोटाने टंकायचे, रोमन लिपीत मराठी, आणि बँकेची सवय अशी की प्रत्येक मेलच्या विषयाच्या जागी नुसता क्रमांक. 'पत्र क्र. १४७'. दर रविवारी एक. मजकूर मी कधी वाचला नाही, पण कसा असायचा ते काकू सांगतात. सुरुवातीला आशीर्वाद, मग मागच्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरं क्रमवार, मग घरची हालहवाल, आणि शेवटी काकूंनी सांगितलेलं एक वाक्य, कधी एखादी पाककृती. काकू स्वतः कधी कळफलकाला हात लावत नसत. त्यांचं ते वाक्य काका 'तुझी आई म्हणते' असं लिहून टंकायचे.

२००८ मध्ये काका गेले. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर सुरूच होईना म्हणून काकूंनी तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात दिला. तिथल्या मुलाने दोन दिवसांनी आणून दिला, झकास चालत होता. "फॉरमॅट मारलाय काकू. पण काळजी करू नका, डी ड्राइव्हला हात लावला नाही."

डी ड्राइव्हवर होती भावगीतं, दोन सिनेमे आणि मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट. सगळं शाबूत. पत्रं होती सी ड्राइव्हवर.

मला त्या पोराचा राग येत नाही फार. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या सर्व रोगांवर एकच औषध होतं, फॉरमॅट मारणे. आणि त्याचं एक सर्वमान्य पथ्य होतं, महत्त्वाचं ते डीवर ठेवा. गाणी लोक डीवर ठेवायचे, कारण गाण्यांची फाइल डोळ्यांना दिसते. पत्रांची दिसत नाही. आउटलुक एक्स्प्रेसची पत्रं डीबीएक्स नावाच्या फायलींत असायची, आणि त्या फायली सी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'च्या पोटात, त्यात वापरणाऱ्याच्या नावाच्या पोटात, त्यात 'लोकल सेटिंग्ज' नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात, अशा सात समुद्रांपलीकडच्या राक्षसाच्या जिवासारख्या ठेवलेल्या असत. एखाद्याने काळजीपूर्वक 'माय डॉक्युमेंट्स' उचलून घेतलं तरी पत्रं मागेच राहायची. पत्ते होते आणखी तिसरीकडे, डब्ल्यूएबी नावाच्या वेगळ्या फायलीत. पण दुकानदाराने विचारायला हवं होतं की नाही? "काकू, यात मेल आहे का?" एवढाच प्रश्न. तो विचारायची पद्धतच नव्हती.

मुलाकडे पत्रं असतील असं वाटलं. त्याच्याकडे आलेली मेल होती ऑफिसच्या पत्त्यावर, आणि त्याने मध्ये दोन नोकऱ्या बदलल्या होत्या. शेवटी सापडली ती कशी, तर काका एक प्रत बहिणीच्या याहूच्या पत्त्यावर पाठवू लागले होते. पत्र क्र. २१२ पासून पुढची नऊ. तीनशेच्या आसपास पत्रांतली नऊ.

आता इथे काही जणांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. ठेवायचंय तरी काय एवढं? निम्मी मेल म्हणजे फॉरवर्ड. सरदारजींचे विनोद, 'हे पत्र दहा जणांना पाठवा', गणपतीच्या चित्राच्या ॲनिमेटेड फायली. उरलेल्यात 'पोचलो', 'ड्राफ्ट मिळाला', 'व्हिसाची कागदपत्रं जोडली आहेत'. आपण काय पेशवे लागून गेलोय?

नाही लागून गेलो. पण पेशव्यांच्या काळातली पत्रं वाचलीत तर तीही बरीचशी अशीच आहेत. हुंडी मिळाली, बैल पाठवा, प्रकृती क्षीण आहे, पाऊस लांबला. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची, कसरीने खाल्लेली दप्तरं मागत होते तेव्हा घरमालकांनाही तो कचराच वाटायचा. त्या कचऱ्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड उभे राहिले. पहिला आला १८९८ मध्ये. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं तेही अशा कागदांना घर मिळावं म्हणून. मी असं म्हणत नाही की काकांच्या पत्रांसाठी कुणी राजवाडे येणार आहेत. येणार नाहीतच. म्हणून तर ज्याचं त्याने ठेवायचं. काय महत्त्वाचं हे आज आपण ठरवू शकत नाही, एवढं मात्र त्या दप्तरांवरून दिसतं. 'ड्राफ्ट मिळाला'च्या खाली एका ओळीत 'आजीला आज बरं वाटतंय' असं लिहिलेलं असतं, आणि वीस वर्षांनी ड्राफ्ट विसरला जातो.

राजवाड्यांवरून आणखी एक गोष्ट आठवली. कागद टिकणं आणि कागद वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीतली कितीतरी कागदपत्रं आजही सुस्थितीत पडून आहेत, वाचणारी माणसं मात्र मोजकी. डीबीएक्स फाइल ही आजची मोडीच समजा. फाइल आहे, पेन ड्राइव्हवर घेतली आहे, पण ज्या प्रोग्रामने ती उघडायची तो व्हिस्टाबरोबरच, म्हणजे २००७ मध्ये, विंडोजमधून गेला. आउटलुकच्या पीएसटी फायलींची स्थिती जरा बरी, कारण तो प्रोग्राम अजून आहे. तरी तोही विकतचा.

आणि आपल्या मराठीची तर दुहेरी मोडी! युनिकोड रुळायच्या आधी लोकांनी मराठी मेल लिहिली ती शिवाजी फॉन्टमध्ये, श्रीलिपीत, कशाकशात. वर्तमानपत्रांच्या साइट वाचायलाही आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आठवतंय? त्या फॉन्टमधल्या पत्रात खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की आईच्या पत्राच्या जागी नुसतं टिंबं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांचं कडबोळं दिसतं. मूळ फॉन्टची फाइल पत्रांसोबत जपून ठेवली तर ते पुन्हा वाचता येतं. युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तकही आहेत, पण कोणता फॉन्ट होता हे आधी ठाऊक हवं. रोमन लिपीतल्या मराठीला आम्ही शुद्धतावाद्यांनी किती नावं ठेवली! पण काकांची ती नऊ पत्रं याहूतून निघाली ती एकही अक्षर न बदलता, कुठल्याही यंत्रावर वाचता येतील अशी. ही चपराक मी निमूट खातो.

बरं, हे झालं जुन्या डब्यांचं. आजची मेल तर खरंच जीमेलवर असते, मग आता कशाला चिंता?

एक तर सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य मला सोसायटीच्या सूचना फलकावर लावायचंय. फोनवर, लॅपटॉपवर आणि ब्राउझरमध्ये, तीन ठिकाणी मेल दिसते म्हणून आपल्याला वाटतं तीन प्रती आहेत. प्रत एकच आहे, खिडक्या तीन आहेत. नातवाने फोनवर खेळताना पुसलं की तिन्ही खिडक्यांतून जातं, कचरापेटीत तीस दिवस राहतं, आणि मग कायमचं. खात्यात कुणी घुसला आणि सगळं साफ केलं तरी तेच.

दुसरं म्हणजे गूगलसुद्धा एका प्रतीवर विसंबत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे काही लोकांनी सकाळी जीमेल उघडलं तर खातं रिकामं. गूगलच्या मते एकूण वापरणाऱ्यांपैकी ०.०२ टक्के. त्यांच्या अनेक डेटा सेंटरमधल्या सगळ्याच प्रतींना त्या चुकीचा फटका बसला होता. मेल परत आली ती कशी? टेपवरून. चुंबकीय टेप, यंत्रापासून वेगळी काढून ठेवलेली. एवढी मोठी कंपनी आपल्या मेलची प्रत जोडणीबाहेर ठेवते, आणि आपण म्हणतो, 'गूगलवर आहे ना, मग झालं.'

आणि तिसरं, ही मंडळी दुकानं बंद करतात. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. याहू ग्रुप्सवरचा मजकूर २०१९ च्या डिसेंबरात काढायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी तेही मिटलं. त्यात परदेशातल्या कितीतरी महाराष्ट्र मंडळांचे, कॉलेजच्या बॅचचे गप्पांचे फड होते. प्रत्येक वेळी आधी सूचना आली होती, नाही असं नाही. पण ती सूचना येते मेलने, आणि मेल वाचणारा माणूसच नसेल तर? दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तशी अंमलबजावणीही सुरू झाली आहे. गेलेल्या माणसाचं खातं दोन वर्षं कोण उघडणार? घरच्यांना तर पासवर्डही ठाऊक नसतो.

पत्त्यांच्या यादीबद्दल लोक याहूनही बेफिकीर असतात. नंबर काय, कुणाकडून तरी मिळतो! मिळतो, पण नंबरापलीकडेही त्या यादीत काही असतं. कुणाच्याही फोनमधली नावं बघा. 'सुधा ठाणे'. 'सुधा ठाणे नवीन'. 'काका गॅस'. 'जोशी डबा'. 'वैद्य गुडघा'. (वैद्य हे आडनाव, गुडघा हा विषय.) 'बंडूचा मित्र अमेरिका'. हे सगळं फक्त त्या एका माणसाला कळतं. एका माणसाच्या आयुष्याचा नकाशा त्या नावांत असतो, कोण जवळचं, कोण कामापुरतं, कुणाचं घर बदललं. आणि ज्यांना फोन लागणार नाही हे पक्कं माहीत आहे त्यांचीही नावं असतात. ती कुणी पुसत नाही. मीही पुसलेली नाहीत.

पूर्वी फोनशेजारी दोऱ्याला बांधलेल्या पेनासकट एक डायरी असायची. तीत घरातल्या सगळ्यांचं अक्षर असे. बाबांचे नंबर सरळ, आईचे दुधाच्या हिशोबाशेजारी, आम्हा पोरांचे आडवेतिडवे. घरातला माणूस गेला तरी डायरी तिथेच असायची, आणि तेराव्याला कुणाकुणाला कळवायचं ते तिच्यातून निघायचं. आता कळवायची वेळ येते तेव्हा यादी ज्या फोनमध्ये असते तो गेलेल्या माणसाच्या अंगठ्याने उघडतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण दोन घरांत हे होताना पाहिलंय.

आता करायचं काय? थोडक्यात सांगतो, कारण हे काम लोक समजतात त्याच्या दशांशानेही अवघड नाही.

माळ्यावरचा डबा आधी भंगारात देऊ नका. तो सुरू झाला नाही तरी हार्ड डिस्क बहुधा जिवंत असते. ती काढून, योग्य जोडणीची केबल किंवा डबी बाजारातून आणून, दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी लावता येते. लपवलेले फोल्डर दाखवायला सांगा आणि नावाच्या शेवटी डीबीएक्स, पीएसटी आणि डब्ल्यूएबी असलेल्या फायली शोधा. शोधून आधी जशाच्या तशा दुसरीकडे उतरवा. डोकं नंतर चालवा. डीबीएक्समधून सुटी पत्रं काढणारी अनडीबीएक्स नावाची फुकट सोय आहे, तिने निघालेली पत्रं थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये वाचता येतात.

जीमेलची प्रत गूगल टेकआउटमधून मागवता येते. ती एमबॉक्स नावाच्या फायलीत येते, आणि ही फाइल मला आवडते, कारण ती कुणा एका कंपनीची मिरास नाही. बरेच प्रोग्राम ती वाचतात. मात्र नोटपॅडमध्ये उघडून 'मराठी कुठंय?' म्हणून घाबरू नका, देवनागरी मजकूर तीत बहुधा संकेतांत गुंडाळलेला असतो. थंडरबर्डमध्ये आयात केलीत की नीट दिसतो.

नाव-नंबरांची यादी व्हीसीएफमध्ये उतरवा. सीएसव्हीत उतरवून एक्सेलमध्ये उघडलीत तर काकूंच्या नंबराच्या जागी ९.१९ई+११ असं काहीतरी वैज्ञानिक दिसेल, आणि त्या गडबडीत तीच फाइल 'सेव्ह' केलीत तर नंबर खरोखरच जातील.

आणि हे सगळं झाल्यावर माझा आग्रह असा की पंचवीस-तीस पत्रं निवडून सरळ कागदावर छापा. यादीही छापा. हसा हवं तर. ट्रंकेतली अंतर्देशीय पत्रं पन्नास वर्षांनी कुठलाही प्रोग्राम न लावता वाचता येतात, आणि मी दहा वर्षांपूर्वी काळजीने जाळलेल्या सीडींसाठी आज घरातल्या एकाही लॅपटॉपला खाचसुद्धा नाही.

ठेवायचं कुठे? एक प्रत तरी घराबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावरच्या घरांत कॉम्प्युटर कुठे होते आठवा. टेबलाखाली, जमिनीवर. आणि बॅकअपच्या सीडी? त्याच टेबलाच्या खालच्या खणात. बहिणीच्या कपाटात एक डिस्क ठेवा, तिची तुमच्याकडे. वर्षातून एकदा, भाऊबीजेला म्हणा, बदलून घ्या. ओवाळणीबरोबर चालून जातं.

आता ज्या मुद्द्यावर माझं आणि मित्रांचं भांडण होतं तो. घरात बॅकअप घेणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि बहुधा पुरुष. त्याला सगळं माहीत असतं. कुठली डिस्क, कुठलं फोल्डर, कुठला पासवर्ड. तो गेला की बायकोमुलांच्या हाती उरतो एक काळा डबा आणि एक लाल दिवा. माझ्या मते ज्या बॅकअपमधून घरातला दुसरा माणूस एक पत्र काढून वाचू शकत नाही तो बॅकअप नाहीच. माझा मित्र म्हणतो, "अरे, पण माझी मेल बायकोने का वाचावी?" बरोबर आहे, का वाचावी? सगळी नकोच. बँकेत ठेव ठेवताना नॉमिनी टाकतो तसं इथेही करता येतं. खातं काही महिने वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं, हे २०१३ पासून गूगलच्या सेटिंगमध्ये ठरवून ठेवता येतं. मुदत तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत, माणसं दहापर्यंत. जे द्यायचं नाही ते आज स्वतः पुसा. पुसण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा आहे, आणि तो मी मानतो. फक्त तो त्याने बजावावा, दुकानातल्या पोराने नव्हे.

यावर मित्राचं म्हणणं, पत्रं दोघांची असतात. त्याने मला लिहिलेलं त्याच्या परवानगीशिवाय मी माझ्या मुलीच्या हाती कसं देऊ? याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. जुन्या पत्रांच्या बाबतीत कुणी हा प्रश्न विचारला नाही, ट्रंक उघडली आणि वाचली, एवढंच म्हणता येतं.

काकूंनी ती नऊ पत्रं छापून घेतली आहेत. मोठ्या टायपात, कारण चष्म्याचा नंबर वाढलाय. क्र. २१६ मध्ये 'तुझी आई म्हणते' नंतर नारळीभाताची कृती आहे, आणि काकूंचं म्हणणं आहे की गुळाचं प्रमाण काकांनी चुकीचं टंकलंय.